जा तू, आम्ही आहोत

नवजात बाळाला हातभर अंतरापलीकडचं काही नीट दिसत नाही.

इचलकरंजीत कापूस पिकत नाही. तरी गावातल्या बोळाबोळांतून कापड निघतं.

लिफ्टमध्ये एक बाई नाचते आहे. तिच्या चपला तिच्या हातात आहेत.

रंगांना नावं आहेत, वासांना नाहीत. आपण म्हणतो मोगऱ्याचा वास, रॉकेलचा वास, आईचा वास.

साडी नीट घडी घालून गादीखाली ठेवली की इस्त्री लागत नाही.

‘असल्या बायकांना देव मुलं देतोच कशाला?’ खाली इमोजींचे रडके, हसरे आणि लालबुंद चेहरे. लालबुंद सगळ्यांत जास्त.

बालवाडी जूनमध्ये सुरू होते.

*

लिफ्टमधल्या बाईपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांनी तिच्यापासूनच केली.

जाहिरात अर्ध्या मिनिटाची. पाळण्यात बाळ झोपलेलं. आई चपला हातात घेऊन, श्वास रोखून, चोरपावलांनी दाराकडे निघालेली. कडी वाजते. बाळ चुळबुळतं. आई जागच्या जागी पुतळा. तेवढ्यात बाळाच्या अंगावरची गोधडी एक कोपरा वर करते आणि शेजारच्या काकूंच्या घोगऱ्या आवाजात म्हणते, “जा तू. आम्ही आहोत.” आई बाहेर सटकते, आणि लिफ्टचं दार बंद होताच नाचायला लागते. चांगली नाचते, अगदी मनापासून. शेवटी पडद्यावर एकच शब्द : ऊब.

लिहिली होती शर्वरी चौगुलेने. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत ती नोकरीला होती. वाचून दाखवली तेव्हा सगळी खोली हसली होती. त्या खोलीत तीन आया होत्या, त्या सगळ्यांत मोठ्याने.

सोमवारी जाहिरात आली आणि बुधवारपर्यंत शर्वरीला फोन पालथा घालून ठेवायची सवय लागली.

‘आता आईपण पण बाजारात मिळणार का?’

‘आमच्या आईने पाच पोरं वाढवली, कधी लिफ्टमध्ये नाचली नाही.’

‘तुमच्याकडे लिफ्ट होती का, काका?’

‘विषय बदलू नका.’

आणि मग ते ब्रीदवाक्य, जे गुरुवारी रिक्षांच्या पाठीवरही दिसलं : आई विकाऊ नाही.

*

गोधडीत काय होतं ते सांगायला हवं, कारण ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत होतं.

माणसाच्या कातडीतून सतत शेकडो द्रव्यं उडत असतात. काही घामातून येतात, काही तेलातून, काही कातडीवर राहणाऱ्या जंतूंच्या कामातून. द्रव्यं बहुतेकांची तीच, त्यांचं प्रमाण मात्र ज्याचं त्याचं; एकच मसाला घरोघरी वेगळा लागतो तसं. बाळ हे प्रमाण ओळखतं. डोळे तयार व्हायच्या आधी त्याचं नाक तयार असतं. पोटातल्या पाण्याचा, दुधाचा, छातीचा वास त्याला कळतो, आणि त्या वासात त्याचा श्वास संथ होतो.

इचलकरंजीच्या ‘ऊब’ कंपनीने एवढंच केलं : आईने वापरलेल्या कपड्यावरून हे प्रमाण वाचणारं यंत्र बसवलं आणि तेच मिश्रण पुन्हा तयार करून सुताच्या पोकळ धाग्यांत भरलं. बाळाच्या अंगाची ऊब लागली की धागा थोडं थोडं सोडतो. गोधडीच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी कुपी असते; ती दर तीन महिन्यांनी बदलायची. मूळ नोंद कंपनीकडे राहते.

यंत्र नवं होतं, कल्पना जुनीच. बाळाची पहिली गोधडी आईच्या जुन्या साडीचीच शिवतात, हे कुणाला सांगायला लागतं?

सोबतच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ‘अंगावर वापरलेला, न धुतलेला कपडा पाठवा.’ हेही शर्वरीनेच लिहिलं होतं.

*

आता इरू.

इरावती अभिनंदन चौगुले, वय तीनच्या आत, मुक्काम इचलकरंजी. शर्वरी आणि अभिनंदन वेगळे झाले तेव्हा इरू रांगतही नव्हती. भांडण मोठं नव्हतं. दोघांनाही एकमेकांशी बोलायचा कंटाळा आला होता, आणि कंटाळ्यावर औषध नाही. शर्वरीला पुण्यात नोकरी मिळाली. एक खोली, दिवसभर काम, बाळ कुणाकडे ठेवणार? अभिनंदनची आई म्हणजे अक्का म्हणाल्या, राहू दे पोरगी इथं. तुझं बस्तान बसलं की ने.

ठरलं ते असं : बालवाडी सुरू होईल त्या जूनमध्ये इरू पुण्याला यायची, आईकडे. कागदावर काही नाही. अक्कांनी मान हलवली, अभिनंदनने हलवली, झालं.

पण मूल म्हणजे काही फ्रिज नव्हे, इथून उचलला तिथे ठेवला. शर्वरी पंधरवड्याने जायची तेव्हा इरू अक्कांच्या पदराआडून तिच्याकडे बघायची. तिसऱ्या तासाला मांडीवर यायची. संध्याकाळची गाडी गाठायला शर्वरी उठायची ती नेमकी तेव्हाच.

म्हणून गोधडी. ‘ऊब’चं काम हाती आलं तेव्हा शर्वरीने पहिला नग स्वतःसाठी मागून घेतला. मऊ सुती साडी काढली, आठवडाभर तीच गुंडाळून झोपली, स्वतःला हसली. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ती साडी अक्कांकडे दिली. कंपनीचा माणूस तिथूनच घेऊन जाणार होता, गावातलीच कंपनी.

गोधडी आली आणि इरू तिच्यात झोपायला लागली. नुसती झोपायला नाही. दिवसाही तिचा कोपरा धरून फिरायला लागली, तोंडावर ओढून घ्यायला लागली. अक्का फोनवर सांगायच्या, “सोडत न्हाई गं, धुवायला सुदिक देत न्हाई.”

पुण्यातल्या खोलीत शर्वरी एकटीच जेवायची तेव्हा तिला हे आठवायचं. आपण इथे डबा उघडतोय आणि तिथे आपली लेक आपल्याला तोंडावर ओढून झोपली आहे. यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. पुढचं साधं होतं. जूनमध्ये इरू येईल, गोधडीसकट. इथल्या उशीला, पांघरुणाला, आईला तोच वास येईल. पोरगी म्हणेल, अरे, हे तर आपलंच घर.

*

“व्हिडिओ कर,” पराडकर म्हणाला. तो शर्वरीचा साहेब, वयाने तिच्याहून लहान आणि घाबरलेला. “तू स्वतः आई आहेस. गोधडी तुझ्या घरात आहे. सांग लोकांना. चेहरा दिसला की लोक गप्प बसतात.”

“माझ्या घरात नाही. इचलकरंजीला आहे.”

“तेच ते. आईच्या मायेने सांग.”

“आणि कंपनीच्या खर्चाने.”

“शर्वरी, प्लीज.”

तिने केला. मेकअप न करता, खिडकीशी बसून. म्हणाली, लिफ्टमध्ये नाचली म्हणून कुणी आई कमी होत नाही. मी लांब आहे. माझी मुलगी रोज माझ्या वासात झोपते, आणि याची मला लाज वाटत नाही.

लोक गप्प बसले नाहीत. शिव्या आल्या, त्यांची सवय झाली होती. एका बाईने मात्र शिवी दिली नव्हती. स्वच्छ, शुद्ध मराठीत एकच ओळ विचारली होती :

‘मग तू कुठे आहेस?’

ती ओळ शर्वरीने पुसली नाही. त्या दिवशी ती कचेरीतून चालत घरी आली. वाटेत एका दुकानात दोन कप उगीचच विकत घेतले, एक मोठा, एक छोटा. घरी येऊन छोटा कपाटात मागे सारून ठेवला.

*

शनिवारी नवं वळण लागलं. कुणीतरी म्हणालं, हे सगळं थोतांड आहे, गोधडीत साधं अत्तर आहे. संतापाचं चाक त्या दिशेला फिरलं. ‘ऊब’चे मालक सुकुमार मगदूम यांचा फोन आला.

“ओ मॅडम, काय केलासा हे? आई विकतो म्हणून बोंब मारत होते, आता म्हणतात आई खोटी विकतो! एक काय ते धरा की.”

“मगदूमसाहेब, दोन दिवसांत विसरतील.”

“दोन दिवसांत माझं दुकान बसतंय. ऐका. तुम्ही इकडं या. सगळ्यांच्या देखत तुमचा ताजा नमुना घेतो, पोरीच्या गोधडीच्या नोंदीशी जुळवून दाखवतो. एकदा काटा जुळला की तोंडं बंद.”

त्यात चुकीचं काही नव्हतं. शर्वरी सकाळच्या गाडीने निघाली. पत्रकार यायच्या आधी एकदा घरच्या घरी जुळवून बघू, असं ठरलं होतं.

प्रयोगशाळेच्या रसायनतज्ज्ञ डॉक्टर तहसीन मुजावर यांनी तिच्या मनगटावर आणि मानेवर कापसाचे बोळे फिरवले, यंत्रात घातले आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत पडद्यावर दोन आलेख उमटले. दोन डोंगररांगा. शर्वरीला विज्ञानातलं काही कळत नव्हतं, पण एकाच गावातून दिसणारे हे डोंगर नव्हेत हे तिलाही कळलं.

“यंत्र बिघडलंय का?”

“नाही.” तहसीनने दार लोटून घेतलं. “शर्वरीताई, हे शिखर दिसतं? वय वाढलं की कातडीवरच्या तेलातून हे द्रव्य सुटायला लागतं. चाळिशीच्या आत जवळजवळ नसतंच. तुमच्यात नाही. तुमच्या मुलीच्या गोधडीत भरपूर आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे कपडा धुतलेला होता. तुमचं जे होतं ते साबणाने गेलं. नंतर तो कुणा वयस्क माणसाच्या अंगाखाली राहिला. बराच वेळ.”

शर्वरीने पडद्यावरच्या त्या शिखरावर बोट ठेवलं.

“तुमचं एकटीचं नाही,” तहसीन हळू आवाजात म्हणाली. “तुमचं जुळलं नाही म्हणून मी बाकीच्या नोंदी काढून बघितल्या. निम्म्याहून जास्त अशाच आहेत. कुठे आजी, कुठे घरकाम करणारी बाई. आपण छापलं न धुतलेला पाठवा. पण आपल्याकडे न धुतलेला कपडा परक्याच्या हातात कोण देतं हो? माझी आईही देणार नाही. मला हे आधी सुचायला हवं होतं.”

“तरी बाळं झोपली.”

“झोपणारच. ज्याच्याजवळ दिवसभर असतात, त्याच्याच वासात झोपली.”

चहावर साय धरली होती.

*

अक्का दारातच होत्या. “आलीस? पाय धू आधी. टीव्हीवर कोण कोण तुला शिव्या घालतात म्हणं. मी बंदच केला बघ टीव्ही. अभी म्हटला, क्रिकेट लागलंय. म्हटलं, क्रिकेट गेलं चुलीत.”

इरू आत झोपली होती, दुपारची. गोधडीतून एक पाय बाहेर.

शर्वरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. अक्का भाकरी थापत होत्या. विचारायचं कसं, हे तिने वाटेत ठरवलं होतं, आणि इथे येऊन विसरली.

“अक्का, ती मी दिलेली साडी. गोधडीसाठी. पिशवीतली.”

“तिचं काय?”

“धुतली होती का तुम्ही?”

“धुतली म्हंजे? मग काय पारोसी द्यायची?” अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली. “पिशवीत कोंबलेली, चुरगाळलेली. चौगुल्यांच्या घरनं लुगडं जायचं आणि ते असलं? धुतली, वाळवली, घडी घालून माझ्या गादीखाली ठेवली. चार दिवस झोपले तिच्यावर, तवा कुठं नीट बसली घडी. तो माणूस सुदिक म्हटला, आजी, दुकानातनं आणल्यागत दिसतीया.” मग त्यांचा हात थांबला. “का गं? काय चुकलं का माझं?”

तव्यावरची भाकरी फुगत होती.

“नाही अक्का,” शर्वरी म्हणाली. “छान झाली गोधडी.”

आतून इरूची हाक आली. आईला नव्हती. शर्वरी उठली, आणि अक्कांना वाट देण्यासाठी बाजूला झाली.

*

मगदूम अनुभवी माणूस. आलेख बघून त्यांनी पत्रकारांना निरोप धाडला की कार्यक्रम रद्द. मग दार लावून म्हणाले, “गोधड्या बंद करायच्या. लोकभावनेचा आदर म्हणून. हे जुळत न्हाई ते कुठं बोलायचं न्हाई. प्रत्येक घराला शेवटची एक कुपी फुकट द्यायची आणि हात जोडायचे. माफीनामा तुम्ही लिहा.”

शर्वरीने तिथेच बसून लिहायला घेतलं.

मसुदा : आमच्या जाहिरातीमुळे ज्या मातांच्या भावना दुखावल्या

(खोडलं. दुखावलेल्यांत काका जास्त होते.)

मसुदा : आईची जागा कुणीही घेऊ शकत नाही, हे आम्ही

(खोडलं. इथे बराच वेळ काही लिहिलं नाही.)

मसुदा : तुम्ही ज्या आईसाठी भांडलात ती गोधडीत नव्हतीच. तिची साडी घरात कुणीतरी धुतली होती, कारण त्या माणसाला तुमच्या घराची अब्रू राखायची होती. तुमचं बाळ त्याच माणसाच्या

हा मसुदा खरा होता. शर्वरीने तो दोनदा वाचला. मग तिला दिसल्या सगळ्या बायका, कुठे कुठे कामावर, डबा उघडून बसलेल्या, मनात म्हणणाऱ्या की आपली लेक आत्ता आपल्याला तोंडावर ओढून झोपली असेल. त्यांच्यातल्या प्रत्येकीला एक उंबरा मिळेल, बाजूला व्हायला.

खोडलं.

शेवटी जे गेलं त्यात ‘दिलगीर’ हा शब्द होता आणि दुसरं काहीच नव्हतं. लोकांचं समाधान झालं. पुढच्या आठवड्यात ते एका बिस्किटावर चिडले.

*

“तुमच्या शेवटच्या कुपीचं काय करू?” तहसीनने विचारलं. निघायच्या आधी शर्वरी प्रयोगशाळेत परत आली होती. “तुमचा ताजा नमुना माझ्याकडे आहे. खरा. तुमचाच.”

“त्याने काय होईल?”

“पटकन बदललं तर मूल गोधडी टाकून देईल. पण मी एकाच कुपीत थराथराने मिश्रण भरू शकते. आधी जुनं जास्त, तुमचं थोडं. मग तुमचं वाढत जाईल. तीन महिन्यांनी सगळं तुमचं. जूनपर्यंत बसतं. कुणाला कळणारही नाही.” तिने रिकामी कुपी हातात घेतली. “मी केलं असतं, खरं सांगते.”

खिडकीतून यंत्रमागांचा खडखडाट येत होता. थांबला असता तर गावाने चमकून वर बघितलं असतं, इतका तो नेहमीचा.

कुणाला कळणार नव्हतं. अक्कांना तर नाहीच. इरू जूनमध्ये पुण्याला येईल आणि आईच्या कुशीत शिरून म्हणेल, अरे, हे तर आपलंच. आणि मग अक्का एखाद्या रविवारी भेटायला आल्या की पोरगी आईच्या ओढणीआडून त्यांच्याकडे बघेल.

“जुनंच भरा,” शर्वरी म्हणाली.

“नक्की?”

“ती नव्या गावी येणार आहे. सोबत कुणीतरी ओळखीचं हवं ना तिला.”

तहसीनने कुपी भरली, बूच लावलं, कागदात गुंडाळली. अंगठ्याएवढी. शर्वरीने ती मुठीत धरली. तिला कसलाच वास आला नाही.

*

जून. पुणे. बालवाडीचा पहिला आठवडा रडण्यात गेला. रिक्षातून येताना इरूने एकदा विचारलं, “अक्का कुठंय?” शर्वरी म्हणाली, “घरी आहे.” इरूने खोलीत आल्यावर सगळीकडे, कपाटातसुद्धा, बघितलं. छोटा कप तिला तिथे सापडला.

दुपारी ती गोधडीत झोपते. कुणी थोपटायला लागत नाही. गोधडी तोंडावर ओढून घेते आणि श्वास संथ होतो. शर्वरी शेजारी फरशीवर आडवी होते, हाताच्या अंतरावर. जवळ गेली तर इरू झोपेतच कूस बदलते, म्हणून तिथेच. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी, यजमान झोपल्यावर आवाज न करता पडलेली.

एकदा तिने गोधडीचा कोपरा उचलून नाकाशी धरला. मोठ्या माणसाचं नाक बोथट असतं, तहसीनने सांगितलं होतं. तरी तिने पुन्हा पुन्हा श्वास घेतला. साबण. सूत. आणि त्याच्या मागे काहीतरी, तव्याच्या जवळचं, ज्याला नाव नाही. कोपऱ्यातल्या कुपीवरची रेघ खाली उतरत चालली होती. ती संपल्यावर काय, हे शर्वरीला माहीत नव्हतं. संपेपर्यंत ती रोज इथे, एवढ्याच अंतरावर पडणार होती. कदाचित तेवढ्याने काही लागेल धाग्यांना. कदाचित नाही.

इरूचा एक पाय बाहेर आला होता. शर्वरीने तो पांघरुणात घातला. इरूने तो पुन्हा बाहेर काढला.

जाहिरातीतलं ते वाक्य शर्वरीला सुचलेलं नव्हतं. बाळाला ठेवून ती पहिल्यांदा पुण्याला निघाली तेव्हा इचलकरंजीच्या स्टँडवर, एसटीच्या खिडकीखाली, इरूला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या होत्या : “जा तू. आम्ही हाय.”